थोड्या संख्येच्या वेगवान मोटारी : हांकण्याचें सुख आणि जतनाची चिंता

आर्वी तालुक्यांत वेगाची गोष्ट निघाली, कीं ती आजही बैलांवर येऊन ठेपते. आर्वी, आष्टी आणि कारंजा हा वर्धा जिल्ह्यांतला टापू गवळाऊ जातीच्या गुरांचें माहेर समजला जातो. पांढरा किंवा करडा रंग, हलकी व लांबट अंगकाठी आणि दुडक्या चालीनें लांबचा पल्ला गांठण्याची शक्ति, हे या जातीचे गुण. मराठ्यांच्या फौजेची रसद डोंगरवाटांनीं लवकर पोंचावी म्हणून ही जात जोपासली गेली, असें जुने जाणकार सांगत आले आहेत. अशी एखादी जोडी शंकरपटांत नांव काढून आली, म्हणजे मालकापुढें एक पेंच उभा राहतो. पुन्हा पटांत उतरवावी, तर बैलाचा पाय दुखावण्याची धास्ती. न उतरवावी, तर दावणीला बांधलेल्या बैलाची धांव कांहीं महिन्यांतच बसते. जोडी जितकी दुर्मिळ, तितका पेंच अवघड.

नेमका हाच पेंच मोटारींच्या जगांत एका विशिष्ट वर्गाच्या गाड्यांबाबत पडतो. तो वर्ग म्हणजे मोजक्याच संख्येनें घडविलेल्या स्पोर्ट्स मोटारींचा. त्या हांकाव्या कीं जपाव्या, आणि विकत घेतांना कोणत्या गुणाला अधिक मान द्यावा, हा प्रश्न केवळ धनिकांचा आहे असें वरवर वाटतें. परंतु महाराष्ट्र आणि गोवा या आपल्या भूमींतच अशा तीन मोटारी घडल्या आहेत, आणि त्यांपैकीं किती पुढच्या पिढीच्या दृष्टीस पडतील हें या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून त्याचा विचार थोडा सविस्तर करणें अगत्याचें आहे.

प्रथम स्पोर्ट्स मोटार म्हणजे काय, हें स्पष्ट झालें पाहिजे. साध्या मोटारीचें काम माणसांना आणि सामानाला मुक्कामीं पोंचविणें. स्पोर्ट्स मोटारीचें काम हांकणाऱ्यास हांकण्याचें सुख देणें. मुक्काम हें तिच्या बाबतींत निमित्त असतें. यासाठीं तींत बहुधा दोनच आसनें असतात, बैठक जमिनीलगत असते, वजन कमी असतें आणि त्या वजनाच्या मानानें इंजिनाची शक्ति अधिक असते. शेतमाल वाहणारा खटारा आणि पटांत धांवणारा छकडा यांत जो भेद, तोच भेद येथें आहे. दोहोंनाही दोन चाकें असतात. परंतु एकाची घडण ओझ्यासाठीं आणि दुसऱ्याची धांवेसाठीं झालेली असते.

आतां संख्येचा विचार. मोटार दुर्मिळ दोन प्रकारांनीं होते. एक, निर्मात्यानें ठरवून राखलेली कमतरता. इटलीच्या फेरारी कारखान्यानें १९९५ ते १९९७ या काळांत एफ-५० नांवाची मोटार ३४९च घडविली. मागणी असूनही त्यापुढें एकही नाहीं. दुसरी, ओढवलेली कमतरता. इंग्लंडांतील मॅक्लॅरेन कंपनीनें १९९२ ते १९९८ या काळांत एफ-१ ही मोटार घडविली. तिची किंमत इतकी भारी होती, कीं कंपनीच्या अपेक्षेइतकीं गिऱ्हाइकें मिळालीं नाहींत आणि सर्व प्रकार धरून १०६ गाड्यांवर काम थांबलें. परंतु त्या मोटारींत हांकणारा मधोमध बसे, वजन अत्यंत कमी होतें, आणि १९९८ सालीं तिनें ताशीं ३८६ किलोमीटरचा वेग गांठून दाखविला. जो हांकी, तो तिची थोरवी गाई. ऑगस्ट २०२१ मध्यें अमेरिकेंत झालेल्या एका लिलांवांत तींतील एका गाडीला दोन कोटी डॉलरांहून अधिक किंमत आली. न खपल्यामुळें थोडी राहिलेली वस्तु रत्न ठरली; आणि तिला रत्न ठरविलें तें हांकणाऱ्यांच्या साक्षीनें. याच्या उलट, थोड्याच घडल्या आणि नंतर कोणी विचारल्याही नाहींत, अशा मोटारींची नांवें आज कोणास आठवत नाहींत. संख्या कमी असणें ही संग्रहाची एक अट आहे. तेवढ्यानें संग्रह सिद्ध होत नाहीं.

मराठी राजघराण्यांत या गोष्टीची जाण मोठी होती. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनीं १९३५-३६च्या सुमारास अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मोटार मागविली आणि तिचें अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून चढविलें. आठ नळकांड्यांचें, सुमारें सात लिटरांचें इंजिन, त्यावर हवा दाबून भरणारें यंत्र, एवढ्या थोरल्या गाडींत आसनें मात्र दोन, आणि रंग इंदूरचा, नारिंगी व काळा. ही मोटार पुढें अमेरिकेंत गेली, आणि तिकडील जाणकार आजही तिला महाराजांच्या नांवानेंच ओळखतात. ती कोणासाठीं घडली, इंजिन कोणतें, अंग कोणीं चढविलें, हें सर्व नोंदलेलें आहे. मोटारीची ही वंशावळ शाबूत असल्यामुळें तिचें मोल टिकलें. गवळाऊ गोऱ्ह्याची खरेदी करतांना शेतकरी त्याची माय कोणाच्या गोठ्यांतली हें विचारतो, त्यांत हेंच तत्त्व आहे.

आतां आपल्याकडील तीन मोटारींकडे वळलें पाहिजे.

पहिली सॅन स्टॉर्म. सॅन मोटर्स या कंपनीनें १९९८च्या सुमारास ती बाजारांत आणली आणि तिची घडण गोव्यांतील कारखान्यांत होई. दोन आसनांची, छप्पर काढून उघडी करतां येणारी, फायबर-ग्लासच्या अंगाची ही छोटी मोटार. इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचें, ११४९ घनसेंटिमीटरचें आणि सुमारें ६० अश्वशक्तीचें. तें पुढें बसविलेलें असून पुढचींच चाकें ओढतें. ज्या काळांत उघड्या छपराची देशी मोटार हें स्वप्नच होतें, त्या काळांत ती रस्त्यावर आली. परंतु दोनच माणसांसाठीं मोटार घेणारे त्या वेळीं थोडे होते. तिची कमतरता ओढवलेल्या प्रकारची आहे.

दुसरी चिंकारा रोडस्टर. रायगड जिल्ह्यांत अलिबागेजवळ कार्लेखिंड येथें २००३ सालीं चिंकारा मोटर्स हा लहानसा कारखाना निघाला. त्याच्या रोडस्टर या मोटारीचा आदर्श इंग्लंडची लोटस सेव्हन ही जुनी गाडी होय, जी कॉलिन चॅपमन यानें १९५७ सालीं आणली. लांब नाक, उघडीं पुढचीं चाकें, मागील चाकांच्या अगदीं पुढें बसण्याची जागा, आणि ज्यावांचून चालतें तें सर्व वगळलेलें, असा तो नमुना. चिंकारेंत जपानच्या इसुझूच्या घडणीचें १.८ लिटरांचें इंजिन आहे. तें पुढें असून मागचीं चाकें फिरवितें, आणि त्याची शक्ति शंभर अश्वशक्तींहून अधिक आहे. ही मोटार हातानें, मागणीप्रमाणें घडविली जाई; म्हणून तिची संख्या मुळांतच थोडी.

तिसरी डीसी अवंती. मोटारींचे आकार बदलून देणारे म्हणून प्रसिद्ध असलेले दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेनें ती जानेवारी २०१२ मध्यें दिल्लीच्या मोटार-प्रदर्शनांत प्रथम दाखविली. त्यानंतर कांहीं वर्षांनीं पुण्याकडे घडविलेल्या गाड्या ग्राहकांच्या हातीं येऊं लागल्या. किंमत सुमारें ३६ लाख रुपये. इंजिन रेनोचें, दोन लिटरांचें, टर्बो बसविलेलें, सुमारें २५० अश्वशक्तीचें. आणि तें आसनांच्या मागें, मागील चाकांच्या पुढें ठेवलेलें. पुढें २०१७ सालीं ३१० अश्वशक्तीची खास आवृत्ति जाहीर झाली आणि तिच्या ३१ गाड्याच निघतील असें सांगण्यांत आलें. ठरवून राखलेल्या कमतरतेचें हें आपल्या भूमींतलें ठळक उदाहरण होय.

या तिन्ही मोटारी जणु मुद्दाम निवडल्यासारख्या तीन निरनिराळ्या मांडणींच्या आहेत, आणि हांकण्याच्या सुखाची तुलना करण्यास हें फार सोयीचें आहे. स्टॉर्ममध्यें पुढचीं चाकें ओढतात. म्हणजे बैल गाडीला ओढतात तशी ही रीत. अशी गाडी सरळ आणि भरंवशाची चालते. वळणावर वेग जास्त झाला, तर तिचें नाक बाहेरच्या बाजूस सरकूं लागतें. वेग कमी केला कीं ती पुन्हा वाटेवर येते. नवशिक्यास ही मांडणी सोपी. परंतु वळणें आणि ओढणें हीं दोन्ही कामें त्याच चाकांवर पडल्यामुळें सुकाणुचक्रांतून हाताला मिळणारी रस्त्याची खबर थोडी मळकट होते.

चिंकारेंत पुढचीं चाकें केवळ वळतात आणि मागचीं केवळ ढकलतात. कामांची अशी वांटणी झाल्यामुळें हाताला रस्त्याचा प्रत्येक खळगा कळतो आणि बैठकीला मागील चाकांची पकड कळते. वळणांत मागचा भाग किती धरून आहे, कधीं सुटूं पाहतो आहे, याची जाणीव हांकणाऱ्यास आगाऊ मिळते. शंकरपटांतला धुरकरी कासऱ्यांतून बैलाचें मन ओळखतो, तसाच हा प्रकार. मात्र पावसाळ्यांत, ओल्या डांबरावर, घाईनें पाय दाबणाऱ्यास ही मोटार क्षमा करीत नाहीं.

अवंतींत वजनदार इंजिन गाडीच्या पोटांत असल्यामुळें ती वळणावर चटकन फिरते. लहान मूल दोन्ही हात पसरून गिरकी घेतें, तेव्हां ती सावकाश होते. हात छातीशीं घेतले कीं गिरकी झपाट्यानें होते. इंजिन मधोमध ठेवण्याचें इंगित हेंच आहे. शर्यतीच्या मोटारी याच मांडणीच्या असतात. परंतु जी गाडी लवकर वळते, ती मर्यादा ओलांडल्यावर लवकर गिरकीही घेते. आणि अशा घडणींत मागचें कमी दिसतें, हें गर्दीच्या गांवांत ध्यानीं ठेवावें लागतें.

शक्तीचा विचार केवळ आंकड्यांवरून करूं नये. अवंतीचें वजन दीड टनांहून थोडें अधिक आहे. चिंकाराची शक्ति तिच्या निम्म्याहून कमी. परंतु वजनही त्याच मानानें इतकें थोडें, कीं उभ्या जागेवरून उडी घेण्यांत ती फार मागें राहत नाहीं. स्टॉर्मची शक्ति तिघींत सर्वांत कमी. पण तिचें सुख निराळें आहे. तिच्या इंजिनाची सारी शक्ति सामान्य रस्त्यावर, कायद्याच्या मर्यादेंत राहून, वापरतां येते. अडीचशे अश्वशक्तीची मोटार आर्वीहून तळेगांवला जातांना तिच्या शक्तीचा बराचसा भाग निजलेलाच राहतो. साठांपैकीं साठही जागे असण्यांत एक प्रकारची तृप्ति आहे, हें ज्यानें हलकी मोटार हांकली आहे त्यास सांगावें लागत नाहीं.

रस्ता आणि ऋतु यांचाही हिशेब केला पाहिजे. विदर्भांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उघड्या चिंकारेंत अशा दुपारीं बसणें म्हणजे सुखाच्या नांवानें प्रायश्चित्त घेणें होय. तिचे दिवस कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे, आणि वेळ सकाळची. अवंतीला छप्पर व थंड हवेची सोय आहे, आणि जमिनीपासून तिची उंची सुमारें १७० मिलिमीटर राखल्यामुळें आपल्याकडील गतिरोधक ती स्पोर्ट्स मोटारीच्या मानानें बऱ्या रीतीनें ओलांडते. स्टॉर्म या दोहोंच्या मध्यें येते. नागपूर-अमरावती महामार्गावर लांबचा प्रवास करणारास अवंती सोयीची. गांवाबाहेरच्या मोकळ्या, वळणदार रस्त्यावर तासभर रमणारास चिंकारा श्रेष्ठ. आणि कमी खर्चांत, कमी धोक्यांत उघड्या हवेचा आनंद हवा असणारास स्टॉर्म योग्य. शुद्ध हांकण्याच्या सुखाचा एकच मान द्यावयाचा झाला, तर तो चिंकारेला द्यावा लागेल. कारण तिच्यांत हांकणारा आणि रस्ता यांच्यामध्यें अडसर सर्वांत थोडा आहे.

आतां संग्रहाची बाजू. जतन करण्याजोगी मोटार ओळखण्याच्या तीन कसोट्या सांगतां येतील. ती मूळ स्वरूपांत आहे काय, तिचीं कागदपत्रें निर्मळ आहेत काय, आणि ती बिघडल्यास दुरुस्त होऊं शकते काय.

मूळ स्वरूपाच्या कसोटीला या तिन्ही गाड्या कठीण जातात. थोड्या संख्येच्या मोटारीचा एखादा दिवा फुटला, कीं मालक जवळच्या बाजारांत मिळेल तो बसवितो. मग आरसे बदलतात, मग आसनें, आणि दहा वर्षांनीं मूळ गाडी कोणती होती हें सांगणें कठीण होतें. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग, तो मोडका असला तरी, नांवनिशी लिहून पेटींत ठेवणें हा संग्रहाचा पहिला नियम होय. मोडक्या दिव्यावरून नवा दिवा घडवितां येतो. हरवलेल्यावरून येत नाहीं.

कागदपत्रांचें महत्त्व अवंतीच्या बाबतींत विशेष आहे. डिसेंबर २०२० मध्यें मुंबई पोलिसांनीं या मोटारींच्या नोंदण्या आणि त्यांवरील कर्जें यांसंबंधीं गुन्हा नोंदवून तपास सुरू केला. एकाच गाडीची एकाहून अधिक ठिकाणीं नोंदणी झाल्याचा आरोप त्यांत होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, आणि त्यावरून प्रत्येक गाडी संशयास्पद ठरत नाहीं. परंतु विकत घेणारानें इंजिनावरील व सांगाड्यावरील अंक स्वतः डोळ्यांनीं वाचून नोंदणीच्या कागदाशीं ताडून पाहावे, कर्ज फिटल्याचा दाखला मागावा, आणि मगच पैसा द्यावा. ३१ गाड्यांच्या आवृत्तीचें मोल ३१ या आंकड्यावरच उभें असतें. तो आंकडा निःशंक नसेल, तर उरते ती केवळ एक महागडी मोटार.

दुरुस्तीच्या कसोटीला चिंकारा पुन्हा पुढें येते. तिच्या जातीचें इसुझू इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसा आणि ॲम्बॅसडर या गाड्यांतही वर्षानुवर्षें बसविलें जात होतें. ॲम्बॅसडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें, तरी तें इंजिन हातानें खोलून बसविणारे जुने मिस्त्री अनेक गांवांत अद्याप आहेत, आणि त्याचे भागही शोधल्यास मिळतात. स्टॉर्मचें रेनो इंजिन परदेशांत ट्विंगो व क्लिओ या गाड्यांतून पुष्कळ वापरलें गेलें. तेव्हां त्याचे भाग मिळतात, परंतु ते समुद्रापलीकडून मागवावे लागतात. अवंतीच्या टर्बो इंजिनाचीही तीच स्थिति, आणि त्यावर नियंत्रण ठेवणारी विजेची जुळणी अधिक गुंतागुंतीची. तिच्यासाठीं हातोडी-पान्यांचा मिस्त्री पुरत नाहीं. फायबरच्या अंगाविषयीं एक सावधगिरी सांगितली पाहिजे. तें गंजत नाहीं, म्हणून मालक निर्धास्त राहतो. आणि खालचें पोलाद मात्र कोणाला न दिसतां गंजत असतें.

यापुढें कायद्याचा भाग येतो, आणि खरी चिंता येथेंच आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें जुन्या, जतन केलेल्या वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेल्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारीला 'व्हीए' या अक्षरांचा विशेष क्रमांक मिळतो. नोंदणीचें शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षें आणि नूतनीकरणास ५ हजार. अशी मोटार रोजच्या वापरांत आणतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, दुरुस्ती, इंधन भरणें अशा कारणांसाठींच ती रस्त्यावर येऊं शकते. म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावर कायदा मोटारीला वडीलधाऱ्याचा मान देतो.

परंतु पन्नाशीपर्यंत पोंचायचें कसें? १९९८ सालीं नोंदलेल्या स्टॉर्मला हा मान २०४८ सालीं मिळेल. तोंपर्यंत ती कायद्याच्या दृष्टीनें केवळ एक जुनी मोटार आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पांच वर्षांनीं ती तपासणीस नेऊन नवी करावी लागते. २०१३ पासून २०४३ पर्यंत हें सात वेळां करावें लागेल. २०२२ सालीं अशा नूतनीकरणाचें शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेलें, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं तें १० हजार झालें. विमा, रबरी भाग आणि मिस्त्रीची मजुरी हीं वेगळींच. २००५ सालच्या चिंकारेची वाट २०५५ पर्यंतची, आणि २०१६ सालच्या अवंतीची २०६६ पर्यंतची. नवेपणाचा दिमाख गेलेला आणि जुनेपणाचा मान अजून न आलेला, असा हा मधला काळ आहे. याच काळांत बहुतेक थोड्या संख्येच्या मोटारी भंगारांत जातात. मालक त्यांना टाकाऊ समजतात असें नाहीं. त्यांच्यावर खर्च करीत राहण्यास कारण उरत नाहीं.

तें कारण कोठून मिळावें? पुढें किंमत येईल या आशेवर पन्नास वर्षें खर्च करणारे विरळा. त्या आशेला व्याजाचा हिशेब मांडला कीं ती बहुधा टिकत नाहीं. परंतु ज्या मोटारींत बसून हांकतांना रविवारची सकाळ आनंदांत जाते, तिच्यावरचा खर्च मालकाला डोईजड होत नाहीं. त्याचें फळ त्यास त्याच दिवशीं मिळालेलें असतें. म्हणून हांकण्याचें सुख आणि संग्रह हीं परस्परांचीं वैरी आहेत, ही समजूत सोडून दिली पाहिजे. मधल्या काळांतून मोटारीला पार नेणारा नावाडी म्हणजे हांकण्याचें सुखच होय. तीस वर्षांनीं कोणत्या गाड्या उरतील याचा अंदाज बांधावयाचा असेल, तर आज कोणत्या गाड्या हौसेनें हांकल्या जात आहेत हें पाहावें.

शिवाय उभ्या मोटारीला झीज नसते, हा समजही खरा नाहीं. टांकींतलें पेट्रोल कांहीं महिन्यांत शिळें होऊन त्याची चिकट राळ बारीक नळ्यांत बसते. आतां पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें; तें हवेंतला ओलावा शोषतें आणि जुन्या काळच्या रबरी नळ्यांना मानवत नाहीं. बॅटरी उतरते, एकाच जागीं दबून टायर चपटे होतात, तेल अडविणाऱ्या रबरी कड्या कोरड्या पडून तडकतात, ब्रेकांवर गंज चढतो. आणि उंदीर तारा कुरतडतात तें निराळेंच. यावर उपाय साधा आहे. पंधरवड्यांतून एकदां तरी मोटार बाहेर काढून वीस-पंचवीस किलोमीटर, इंजिन नीट तापेपर्यंत हांकावी. नुसतें दारांत सुरू करून पांच मिनिटांनीं बंद करणें अपायकारक आहे. कारण त्यामुळें धुराड्यांत जमलेलें पाणी वाफ होऊन निघून जात नाहीं. रबरी नळ्या नव्या इंधनाला टिकणाऱ्या बसवाव्या आणि जुन्या पेटींत ठेवाव्या. इंजिनाचें तेल गाडी थोडी चालली तरी वर्षांतून एकदां बदलावें. प्रत्येक फेरीची तारीख, अंतर आणि केलेलें काम एका वहींत लिहावें. तीस वर्षांनीं ती वही मोटारीइतकीच मोलाची ठरते.

या विवेचनावरून तिघींचा निवाडा असा होतो. हांकण्याचें सुख आणि जतनाची सोय या दोन्ही अंगांनीं चिंकारा रोडस्टर प्रथम येते. तिचें वैगुण्य म्हणजे ऊन-पावसापुढें तिची असहायता. आपल्या भूमींतील पहिल्या धाडसाची खूण म्हणून सॅन स्टॉर्मचें ऐतिहासिक मोल मोठें आहे. आणि वयानें ती वडील असल्यामुळें तिलाच आज सर्वांत अधिक आधाराची गरज आहे. अवंतीचें रूप आणि शक्ति यांना तोड नाहीं. पण तिचा विचार कागदपत्रें तपासल्यावरच करावा. ज्याच्याजवळ यांपैकीं एखादी आहे, त्यानें ती विकावी कीं राखावी असा प्रश्न पडल्यास, गेल्या वर्षांत ती किती वेळां आनंदानें हांकली हें आधीं आठवावें. उत्तर 'एकदांही नाहीं' असेल, तर ती हांकणाऱ्याच्या हातीं सोंपविण्यांतच तिचें हित आहे.

आर्वीच्या टापूनें असा मधला काळ स्वतः पाहिला आहे. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें बैलांच्या शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजीं महाराष्ट्रांत त्यांना अटींसह मोकळीक मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या साडेसात वर्षांत पट नव्हता, बक्षीस नव्हतें. आणि शेतांत ट्रॅक्टर आल्यामुळें बैलाचें कामही घटलें होतें. त्या काळांत ज्यांनीं धांवेची जोडी राखली, त्यांनीं ती पुढच्या किंमतीच्या हिशेबानें राखली नाहीं. सकाळीं छकड्याला जुंपून चार कोस फिरून येण्यांत त्यांना सुख होतें, म्हणून वैरणीचा खर्च त्यांनीं सोसला. कारंजा तालुक्यांत हेटीकुंडी येथें सरकारी पैदास-केंद्र आहे, आणि जातीचें बीज शुद्ध राखण्यास तें अवश्यही आहे. परंतु तिची चाल ज्यांना ओळखतां येते अशीं माणसें गोठ्यांतूनच तयार होतात. मोटारींचेंही तसेंच आहे. प्रदर्शनांत त्यांचें रूप राहील. त्यांची चाल राहावयाची, तर कोणीतरी त्या सकाळच्या थंड वेळीं रस्त्यावर काढल्या पाहिजेत.